खग्रास बघायला गाडी काढली होती का? ठाणे-नवी मुंबईकरांनो, लिहा!

घोडबंदरकर

परवा कपाट आवरताना एक पाकीट हाती लागलं. आत पुठ्ठ्याचे पाच ग्रहणचष्मे. २००९ चे, एकदाही न वापरलेले. बायको म्हणाली, "टाक आता, फिल्मला चरे पडलेत." तिचं बरोबर आहे, चरा पडलेला चष्मा सूर्याकडे बघायला वापरायचाच नसतो. तरी मी ते परत पाकिटात घातले आणि पाकीट परत कपाटात.

२२ जुलै २००९, बुधवार. या शतकातलं सगळ्यात लांबलेलं खग्रास, आणि ते दिसण्याचा पट्टा चक्क सुरतेवरून जाणार. बाबा तेव्हा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते, त्यांना वर्षभर दुसरा विषय नव्हता. "ठाण्याहून रात्री निघालो की पहाटे तिथे. एवढ्या जवळून पुन्हा जाणार नाही." धाकटा भाऊ म्हणायचा, "बाबा, जुलैत गुजरातेत ढग नसतील तर काय उंट असतील?" बाबा ते ऐकलंच नाही असं करायचे.

मेहुण्याची क्वालिस घेतली. आदल्या दिवशी आईने वेध लागायच्या आत म्हणून दुपारी चारलाच आम्हाला पानावर बसवलं. रात्री साडेदहाला निघालो तर घोडबंदर रोडवरच्या ढाब्यांवर ही गर्दी! आषाढ अमावस्या, गटारी. फाउंटनच्या वळणावर पाऊस सुरू झाला तो मनोरपर्यंत थांबला नाही. मनोरला थोडा थांबला, मग पुन्हा. चारोटीला रात्री एकच्या पुढे बाबा उतरले आणि त्यांनी चहा-खारी मागवली. आई गाडीतून म्हणाली, "अहो, वेध लागलेत." बाबा म्हणाले, "चहा म्हणजे अन्न नव्हे." खारीबद्दल कोणीच काही बोललं नाही.

पाचच्या सुमारास सुरतेच्या अलीकडे हायवे सोडून एका शेताच्या बांधाला गाडी लावली. पूर्वेला मोकळं हवं, कारण ग्रहण सूर्योदयालाच. पूर्व होती, मोकळी नव्हती. वरपासून खालपर्यंत एकच राखाडी चादर. टपरीवाला आमच्याकडे बघून म्हणाला, "सूरजदादा आजे नहीं देखाय." चष्मे बाबांच्या शर्टाच्या खिशात.

सहा एकवीसला अंधार आला. उजाडलेलं होतं, आणि पाच-सात सेकंदांत पुन्हा रात्र. पश्चिमेकडून आला, डोक्यावरून गेला. हायवेवरच्या ट्रकांनी दिवे लावले. मागच्या खाचरात बेडूक ओरडायला लागले. सूर्य कुठे आहे तेसुद्धा कळत नव्हतं. बाबांच्या हातात जुनं एचएमटी होतं, काट्यांना रेडियम लावलेलं. सकाळी साडेसहाला बांधावर उभं राहून त्या घड्याळाचे हिरवे काटे चमकताना मी बघितले. बाबा वेळ मोजत होते. तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. मग पुन्हा तीच राखाडी सकाळ.

परतताना वापीपर्यंत ते गप्प होते. वापीला म्हणाले, "अंधार तर पाहिला."

आता २ ऑगस्ट २०२७ चं इजिप्तचं ग्रहण डोक्यात घोळतंय. म्हणून विचारतो, तुमच्यापैकी कोणी ग्रहणासाठी घरच्यांना घेऊन गाडी काढली आहे का? साल, गाव आणि गाडीत कोण कोण होतं ते लिहा. ढग लागले असतील तर लपवू नका. कंकणाकृती असलं तरी चालेल.

नौपाड्याचे काका

घोडबंदरकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आम्ही त्याच वेडाचे, फक्त एकोणतीस वर्षं आधीचे.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. पट्टा कारवार-अंकोल्याकडून आत शिरून रायचूरवरून थेट ओडिशाला. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यांच्या मित्राची फियाट मागून आणली. गाडीत वडील, आई, धाकटी बहीण आणि मी. मित्राची अट एकच, गाडी दुसऱ्या कोणी चालवायची नाही. म्हणून तोही आला. म्हणजे पाच.

आता तुम्ही गोव्यावरून सरळ निघून जाता. तेव्हा झुआरीवर पूल नव्हता. फेरीबोटीत गाडी चढवायची, पलीकडे उतरवायची. कारवारला काळी नदीवरही तेच. दोन्ही ठिकाणी रांग, आणि रांगेत निम्मे लोक ग्रहणाला चाललेले तर निम्मे ग्रहणाच्या आत घरी पोचायला. फेरीवर एका बाईने आईला विचारलं, "तुम्ही मुद्दाम चाललात?" आई म्हणाली, "हे चाललेत. मी बसलेय."

त्या दिवशी गावं कशी होती ते आताच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही. दुपारी दोनलाच दारं-खिडक्या बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आमच्या ठाण्यातही तसंच होतं असं शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं, गोखले रोडवर माणूस नव्हता म्हणे.

आम्ही अंकोल्याच्या बाहेर एका मोकळ्या माळावर. वडिलांनी वर्कशॉपमधून वेल्डिंगची सगळ्यात गडद काच आणली होती, ती आळीपाळीने डोळ्यांवर धरायची. आई गाडीत, काचा वर करून, हातात जपमाळ. पावणेचारच्या सुमारास उजेड असा झाला की ऊन आहे पण उन्हातला पिवळेपणा कोणी काढून घेतलाय. सावल्यांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या. आणि मग एकदम.

ते वर्ष सूर्यावरच्या डागांच्या ऐन भराचं. त्यामुळे करोना, म्हणजे सूर्याभोवतीचं पांढरं प्रभामंडळ, चहूबाजूंनी सारखा फाकलेला, जास्वंद उमलावी तसा. वरच्या बाजूला शुक्र. वडील मोठ्याने सेकंद मोजत होते आणि मोजता मोजता त्यांचा आवाज गेला. तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. आई बाहेर येऊन उभी राहिली होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, काठाला कुंकू लागलंय."

ज्यांना सौरज्वाला म्हणतात त्या. काळ्या चकतीच्या कडेला दोन-तीन ठिकाणी खरंच कुंकवाचं बोट टेकवल्यासारखं दिसत होतं. वडिलांनी नंतर वर्गात शिकवताना आयुष्यभर तेच वाक्य वापरलं, "काठाला कुंकू". कोणाचं वाक्य ते मात्र वर्गात सांगितलं नाही.

अडीच मिनिटं असेल. परतताना फेरीवर पुन्हा रांग.

खारघर सेक्टर बारा

घोडबंदरकर, २००९ ला आम्हीही निघालो होतो. मनोरच्या पुढे गेलोच नाही. गाडीत माझे यजमान आणि त्यांचे दोन मित्र, आणि तुम्ही लिहिलंच आहे की त्या रात्री काय होतं. पहाटे सव्वासहाला मी एकटी जागी होते. मनोरलाही चांगलंच अंधारलं होतं. बाकीचे तिघे आजही शपथेवर सांगतात की त्यांनी ग्रहण पाहिलं.

वाघबीळ

११ ऑगस्ट १९९९, भूज. मी, बायको, दोन मुलं, मारुती ८००. पाऊस. एवढंच.

(तीही आषाढ अमावस्याच. मला वाटतं गटारीचा आणि ग्रहणाचा काहीतरी करार असावा.)

सीवूड्सची आजी

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

८ एप्रिल २०२४. आम्ही दोघं मुलाकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला गेलो होतो. मुलाने महिनाभर आधीच ठरवलं होतं की गाडीने इंडियानात ब्लूमिंग्टनला जायचं. साडेचार तासांचा रस्ता. सूनबाईंचे वडील व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "अहो, तुमच्या घरातूनच ९४ टक्के दिसणार आहे. सहा टक्क्यांसाठी एवढं पेट्रोल?" मलाही खरं सांगायचं तर तेच वाटत होतं. शिवाय दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. चक्का बांधून ठेवलेला, श्रीखंड करायचं, गुढीचं वस्त्र इस्त्री करायचं. पण नात सात वर्षांची, तिने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आजी-आजोबा पण येणार.

पहाटे पाचला निघालो. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याऐवजी लोणचं घेतलं होतं. दही प्रवासात नको. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती रिकामी शेतं, तुकडाभरही झाड नाही. अधूनमधून रस्त्यावर दिव्यांच्या पाट्या, ग्रहणामुळे गर्दी होईल, रस्त्यात थांबू नका. मला गंमत वाटली. आपल्याकडे ग्रहणात घराबाहेर पडू नका म्हणतात, इथे सरकार सांगतंय पडा, पण गाडी कडेला नीट लावा.

एका बागेत सतरंजी टाकून बसलो. आकाश स्वच्छ, वर नुसते बारीक पांढरे तंतू. दोनच्या आधी सूर्याला पहिला चावा बसला. नंतर तासभर फार काही नाही हो, चष्म्यातून नारिंगी करंजी दिसते आणि मुलं धावत असतात. ह्यांनी डुलकी काढली. मग गार वाटायला लागलं. मी शाल घेतली. सूनबाईंनी पोरीला जाकीट घातलं.

आणि तीननंतर ते झालं. आजूबाजूचे लोक एकदम ओरडले. मी चष्म्यातून बघतेय तर काळं. काहीच नाही. मला वाटलं माझेच डोळे गेले. आयुष्यभर ऐकलेलं ना, ग्रहण बघू नये, डोळे जातात. मी चष्मा आणखी घट्ट धरला. नात माझा हात ओढत होती, "आजी, चष्मा काढ! आता काढायचा असतो!" मी म्हणतेय नको, नको. शेवटी तिनेच माझ्या नाकावरून तो ओढून काढला.

चार मिनिटांतलं एक मिनिट माझं असं गेलं. उरलेल्या तिनांत जे पाहिलं ते मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही. सूर्याच्या जागी एक भोक होतं आणि त्याच्याभोवती पांढरे केस. खालच्या कडेला एक गुलाबी ठिपका, साध्या डोळ्यांना दिसणारा. उजवीकडे खाली शुक्र. आणि चारी दिशांना, हो चारीही, क्षितिजावर संध्याकाळ. आपण रोज पश्चिमेला बघतो तशी, पण गोल. ह्यांनी हात जोडले होते. मी विचारलं कोणाला, तर म्हणाले, "माहीत नाही."

तर त्या सहा टक्क्यांबद्दल. ९४ टक्के ग्रहण म्हणजे हॉलच्या दारात पानसुपारी घेऊन लग्न न बघता परत येणं. व्याह्यांना मी हे असंच सांगितलं, ते अजून हसतात.

परतीचे साडेचार तासांचे नऊ झाले. सगळं इंडियाना एकाच रस्त्याने शिकागोला निघालं होतं. घरी पोचलो तेव्हा पाडवा लागून गेला होता. सकाळी श्रीखंड नुसतं साखर घालून फेटलं, वेलची राहिली. कडुनिंबाचा पाला तिथे कुठला, दुकानातून आणलेल्या पावडरीची गोळी केली. नातीने ती थुंकली.

स्पष्टवक्ता, कोपरखैरणे

सगळ्यांचे अनुभव छान. पण टीव्हीवर, मोबाइलवर थेट दिसतं, जवळून दिसतं, फुकट दिसतं. एवढा आटापिटा कशाला हे मला खरोखर कळत नाही.

नौपाड्याचे काका

आंबा टीव्हीवर बघून चालतो का तुम्हाला?

ऐरोलीची सून

कंकणाकृती चालेल म्हणालात म्हणून लिहिते.

२६ डिसेंबर २०१९. गाडीत मी, नवरा, दीर, सासूबाई आणि आमची दहावीतली मुलगी. पुणे-कोल्हापूर-बेळगाव-हुबळी, मग घाट उतरून अंकोला (काका, तुमचा माळ कुठला ते विचारायला हवं होतं!) आणि किनाऱ्याने खाली मंगळूरच्या पुढे कासरगोडकडे. दोन दिवस. सासूबाई आमच्याबरोबर यायला तयार झाल्या त्या कोल्लूरला मूकांबिकेचं दर्शन आहे म्हणून. ग्रहण त्यांच्या हिशेबात नव्हतं. उलट त्यांनी निघायच्या आधीच सांगून टाकलं, "मी बघणार नाही, मला सांगायचं नाही." जाऊबाई गरोदर होत्या, त्या ठाण्यातच राहिल्या. त्यांनी त्या दिवशी सुरी हातात घेऊ नये म्हणून सासूबाईंचा गाडीतून तीनदा फोन. जाऊबाई बँकेत आहेत. त्यांनी त्या दिवशी ऑफिसला जाऊन सगळ्यांच्यात वाढदिवसाचा केक कापला. हे आम्हाला फार नंतर कळलं. पुतण्या आता उत्तम आहे, फार बोलतो एवढंच.

सकाळी एका शाळेच्या मैदानात जागा मिळाली. नऊ-साडेनऊच्या दरम्यान कंकण. सासूबाई चटईवर सूर्याकडे पाठ करून, पदर डोक्यावरून, स्तोत्र पुटपुटत. मुलीने घरून तळणीचा झारा आणला होता, पुऱ्या काढायचा. तिने शिक्षकांकडून ऐकलं होतं की प्रत्येक भोकातून सूर्याचं चित्र पडतं. दिरांनी झारा सूर्याकडे तिरका धरला, मी समोर पांढरा पंचा ताणून धरला. आधी पंचावर चंद्रकोरी पडल्या, तीस-चाळीस, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या. शाळेतली पोरं जमा झाली. कोरी बारीक होत गेल्या, टोकं जवळ आली, आणि ठरलेल्या वेळी सगळ्या एकदम मिटल्या. पंचाभर बांगड्या.

पोरं ओरडली. सासूबाईंनी मान वळवली. सूर्याकडे नाही, पंचाकडे. म्हणाल्या, "हे काय गं?" मुलगी म्हणाली, "आजी, बांगड्या. हात पुढे कर." त्यांनी केला. दिरांनी झारा थोडा हलवला तशा चार-पाच त्यांच्या मनगटावर आल्या, काही तळहातावर. सासरे गेल्यापासून अकरा वर्षं त्यांच्या हातात एक बारीक सोन्याची पाटली सोडून काही नव्हतं. त्या हात फिरवून बघत होत्या, दुकानात बघतात तसा. तीन मिनिटं पण नसतील. मग कड फुटली आणि परत कोरी झाल्या.

दुपारी कोल्लूरच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. झारा आता त्यांच्याकडे असतो. पुऱ्या आम्ही दुसऱ्याने काढतो.

कळव्याचे मास्तर

मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे थोडी मास्तरकी सहन करा.

आमचा प्रवास ग्रहणाला नव्हता, ग्रहणाच्या जागेला होता. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन विजयदुर्गला गेलो. तिथे किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि सांगतात की इथे हेलियमचा शोध लागला. माझ्या मुलीने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधलं आणि माझ्याकडे बघितलं. ती बघते ना तसं. तर गोष्ट अशी. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास आपल्या देशात दिसलं, तेव्हा फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते. कट्ट्यांचा साहेब म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, ते तेव्हा इंग्लंडमध्येच होते, त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रहण नसतानाच सौरज्वालांचा वर्णपट मिळवला. वर्णपटातली पिवळी रेषा, जिच्यावरून हेलियम ओळखला गेला, ही त्या वर्षातली गोष्ट. लॉकियर विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासाला. तेव्हा पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे लोकही तिथेच. कट्टे खरे आहेत, साहेब खरा आहे, फक्त दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आहेत. किल्ल्यावरच्या गाइडला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सर, पण पब्लिकला हेलियम आवडतं."

आता काही कामाचं, कारण धाग्यात पुढच्या प्रवासाचं निघालंय. चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ हे सुरक्षिततेचं मानक छापलेलं हवं, आणि घेताना विश्वासाच्या माणसाकडून घ्या, छापायला काय लागतं. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, दोन गॉगल एकावर एक, हे सगळं आपण लहानपणी केलं, आपलं नशीब. मुलांना करू देऊ नका. दुर्बिणीला फिल्टर पुढच्या तोंडाला लावतात, डोळ्याच्या बाजूला नाही. सीवूड्सच्या आजींचा अनुभव सगळ्यांनी नीट वाचा. चष्मा संपूर्ण खग्रास लागल्यावरच काढायचा आणि कडेला सूर्याचा पहिला ठिपका हिऱ्यासारखा चमकला की परत लावायचा. कंकणाकृतीत मात्र तो एकदाही काढायचा नाही, कारण तिथे सूर्याची कड कायम उघडी असते. आणि फोटोच्या नादाला लागू नका. माझ्या एका सहकाऱ्याने १९९५ ला, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, राजस्थानात नीम का थानाला पन्नासेक सेकंदांचं खग्रास पाहिलं. पाहिलं म्हणजे, रीळ अडकलं म्हणून तो कॅमेऱ्याकडे बघत होता.

घोडबंदरकर, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. २००९ चं सुरतेचं ग्रहण आणि २०२७ चं, ही एकाच घराण्यातली. सारोस नावाचं चक्र आहे, १८ वर्षं ११ दिवस आणि वर आठ तास. तेवढ्या काळाने सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळपास तशाच जागी येतात आणि तेच ग्रहण पुन्हा होतं. वरच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरून गेलेली असते, म्हणून पट्टा तेवढा पश्चिमेला सरकतो. २२ जुलै २००९ मध्ये १८ वर्षं ११ दिवस मिळवून बघा.

हिरानंदानी इस्टेट

२०१७ च्या ऑगस्टात बहिणीकडे अटलांटाला होतो. सकाळी निघून साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनला, समुद्रावर बघू म्हणून. समुद्र दिसला. ढगाचा एकच मोठा तुकडा होता आणि तो नेमका. दोनशे किलोमीटर आत कोलंबियाला राहिलेल्या मावसभावाने पूर्ण बघितलं, आणि आता दर राखीपौर्णिमेला तो विषय काढतो. किनाऱ्यावर जायची आयडिया माझी होती.

स्पष्टवक्ता, कोपरखैरणे

काका, आंब्याचं पटलं. २०२७ ला ठाणे-नवी मुंबईतून काही दिसेल का? फार लांब जमणार नाही, आई अंथरुणाला आहे.

कळव्याचे मास्तर

दिसेल, खंडग्रास, दुपारनंतर. ऑगस्टचे ढग फाकले तर. घरात झारा असेल तर काढून ठेवा, आईंना अंथरुणावरून भिंतीवर दाखवता येईल. खिडकी पश्चिमेची हवी. भारतात पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, पण तेही वर कारगिल-लडाखच्या टोकाला. त्याआधी २१ मे २०३१ ला कंकणाकृती केरळ-तमिळनाडूतून जातंय. गाडीने होण्यासारखं.

स्पष्टवक्ता, कोपरखैरणे

खिडकी पश्चिमेचीच आहे.

घोडबंदरकर

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं ते १८ वर्षं ११ दिवसांचं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, कानाला कमी ऐकू येतं. दोनदा वाचायला लावलं. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतः बेरीज करून बघितली. म्हणाले, "म्हणजे तेच. जे आपलं राहिलंय तेच."

मग एकामागून एक प्रश्न. इजिप्तमधल्या लक्झरला किती मिनिटं? सव्वासहाच्या वर, म्हटलं. सुरतेच्या दुप्पट. ऑगस्टात तिथे ढग असतात का? वाळवंट आहे बाबा, म्हटलं. ऊन फार असतं. "ऊनच तर बघायचंय." आई आतून म्हणाली, "त्या दिवशी कोणती अमावस्या?" बघितलं, आषाढ. वाघबीळवाले, तुमचा करार अजून चालू आहे.

भाऊ म्हणाला की तिथे उंट नक्की असतील.

बाबांनी आयुष्यात पासपोर्ट काढलेला नाही. काल त्याचा अर्ज भरायला बसलो, जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला सापडतोय का बघतोय. कपाट पुन्हा सगळं बाहेर काढलंय. एचएमटी सापडलं. बंद आहे. आज संध्याकाळी स्टेशनजवळच्या जुन्या घड्याळवाल्याकडे दाखवलं. तो म्हणाला, मशीन साफ करून चालू करून देतो, काट्यांवरचं मात्र गेलंय, ते आता अंधारात दिसायचं नाही. बाबांना तसं सांगितलं.

"चालेल," म्हणाले. "तिथे घड्याळाकडे कोण बघणार आहे."